सेशन्स कोर्टात शिक्षा झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयात अपील कसं करायचं

खून, खुनाचा प्रयत्न, सदोष मनुष्यवध, गंभीर दुखापत. अशा गुन्ह्यात सत्र न्यायालयाने दोषी धरलं, की खटलाभर जामिनावर असलेल्या माणसालाही बहुतेक वेळा त्याच दिवशी ताब्यात घेतात. फक्त शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि तो जामिनावर असेल, तर अपील दाखल होईपर्यंत तेच कोर्ट शिक्षा थांबवू शकतं. त्यासाठीचा अर्ज वकिलाने तयारच ठेवायला हवा. बाकीच्यांच्या घरच्यांनी हे पुढचं सगळं नीट वाचावं. अपिलातली बरीच नुकसानं पहिल्या दोन महिन्यांत होतात आणि त्यातली पुष्कळशी टाळता येतात.

कुठे आणि किती दिवसांत

फोर्ट, दिंडोशी किंवा माझगाव, मुंबईतल्या कुठल्याही सत्र न्यायाधीशाने शिक्षा दिली तरी अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेतच जातं. शिक्षा न्यायदंडाधिकाऱ्याने दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात. उच्च न्यायालयासाठी मुदत ६० दिवस, सत्र न्यायालयासाठी ३०. फाशीची शिक्षा असेल तर उच्च न्यायालयातही ३० दिवसच. फाशीचं प्रकरण कायम करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे आपोआप जातं, तरी आरोपीने स्वतःचं अपील वेगळं करायचंच.

निकालाचा दिवस मोजत नाहीत. निकालाच्या नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवसही वगळले जातात. समजा निकाल ३ मार्चला लागला. ६० दिवस २ मे रोजी संपतात. नकलेचा अर्ज ६ मार्चला केला आणि ती २० मार्चला तयार झाली, तर हे १५ दिवस वाढून मुदत १७ मेपर्यंत जाते. नक्कल तयार होऊन पडली आणि आणायला कोणी गेलंच नाही, तर ते दिवस मात्र आपल्या खात्यात. आणि कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच, फुकट मिळते, त्यामुळे या सवलतीच्या भरवशावर राहू नये. निकालापासूनचे साधे ६० दिवस हीच आपली मुदत असं धरून चालावं. शेवटचा दिवस सुट्टीत आला, अगदी मे महिन्याच्या सुट्टीत, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील देता येतं.

मुदत गेली असली तरी दार बंद होत नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलासोबतच द्यायचा. त्यात 'गरिबीमुळे' किंवा 'अज्ञानामुळे' एवढंच लिहू नये. कोणत्या तारखेला कागद मिळाले, कोणत्या तारखेला कैद्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, वकालतपत्रावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सही केव्हा झाली, हे तारीखवार लिहावं. तुरुंगात असलेल्या माणसाचा उशीर कोर्ट सहसा समजून घेतं, पण कारण कागदावर दिसावं लागतं.

पहिल्या आठवड्यातले कागद

फुकट मिळालेली निकालाची प्रत पुष्कळदा कैद्याबरोबर तुरुंगात जाते आणि घरच्यांच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी वेगळा अर्ज लगेच करावा. त्याच वेळी सगळ्या साक्षीदारांच्या जबान्या, दोषारोप, आरोपीचा जबाब (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१), पंचनामे, शवविच्छेदन किंवा जखमांचं प्रमाणपत्र, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) यांच्याही नकला मागाव्यात.

अपील दाखल करायला यातला निकाल पुरतो. बाकीच्या नकलांची वाट बघत मुदत घालवणं ही आम्हाला वारंवार दिसणारी चूक आहे. मुद्दे नंतर वाढवता येतात.

खटल्याच्या वकिलाकडचा दोषारोपपत्राचा संच आणि टिपणं मागून घ्या. त्या वकिलावर राग असला तरी या घडीला भांडू नका. कोणता साक्षीदार कुठे अडखळला हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं.

आता वकालतपत्र. आर्थर रोड हा मुख्यतः कच्च्या कैद्यांचा तुरुंग. शिक्षा लागल्यावर माणसाला येरवडा, नाशिक रोड, कोल्हापूरचा कळंबा अशा ठिकाणी हलवतात. तो मुंबईत किंवा तळोज्यात आहे तोवरच वकालतपत्रावर सह्या घ्या, आणि दोन-तीन प्रतींवर घ्या. सही तुरुंग अधिकाऱ्यापुढे होते आणि त्यावर तुरुंगाचा शिक्का लागतो. शिक्का नसलेलं वकालतपत्र उच्च न्यायालयाचं कार्यालय हरकतीत काढतं (त्रुटी दाखवून अडवतं), आणि मग एका सहीसाठी कोल्हापूरची फेरी.

वकील परवडत नसेल तर

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ ने दिला आहे. उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. अर्ज तुरुंगातूनही पाठवता येतो. चौकशीसाठी देशभर चालणारा क्रमांक १५१००. याशिवाय कैदी आपलं अपील थेट तुरुंग अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि त्याने ते कोर्टाकडे पाठवायचं असतं. मुदत संपत आली आणि वकील ठरत नसेल, तर हाच मार्ग धरा. दोन ओळींचं जेल अपीलसुद्धा मुदत वाचवतं. पुढे खाजगी वकील नेमला तर जेल अपील गेलेलं आहे हे त्याला नक्की सांगा. नाहीतर एकाच निकालावर दोन अपिलं वेगवेगळी फिरत राहतात.

कोर्टाच्या आवारात 'साहेबांपर्यंत ओळख आहे' म्हणणारे भेटतील. त्यांना पैसे देऊ नका. वकिलाच्या फीची पावती घ्या, आणि अपील दिलं असं सांगितलं की स्टॅम्प नंबर (दाखल करताना मिळणारा तात्पुरता क्रमांक) मागा. ई-कोर्ट्सच्या किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाकून बघता येतो. नंबर दिसत नसेल तर अपील दाखल झालेलं नाही असंच समजून विचारपूस करा. नंबर दिसला तरी त्यापुढे हरकती दाखवल्यात का तेही पाहा. हरकती दूर झाल्याशिवाय अपिलाला पक्का क्रमांक मिळत नाही आणि प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या रोजच्या यादीत, येत नाही. तारीख का लागत नाही म्हणून महिनोन्महिने थांबलेल्या कुटुंबांचं अपील कधीकधी एका न जोडलेल्या पानासाठी अडकलेलं असतं.

कायदा जुना की नवा

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा भारतीय दंड संहितेचीच. त्यानंतरच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता. खुनासाठी जुनं ३०२ म्हणजे नवं १०३, खुनाचा प्रयत्न ३०७ म्हणजे १०९, सदोष मनुष्यवध ३०४ म्हणजे १०५. अपिलाचा हक्क जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३७४ मध्ये होता, नागरिक सुरक्षा संहितेत तो ४१५ मध्ये आहे. शिक्षेची स्थगिती ३८९ ची ४३० झाली. जुना खटला आणि नवं अपील असेल तर शीर्षकात दोन्ही आकडे लिहावेत. चुकीच्या कलमाखाली अर्ज आला म्हणून हक्क जात नाही, पण हरकत कशाला ओढवून घ्यायची.

अपिलाचे मुद्दे कसे काढायचे

अपिलात खटला नव्याने चालत नाही. साक्षीदार पुन्हा येत नाहीत. न्यायमूर्ती तेच कागद वाचतात आणि त्या कागदांवरून दोष सिद्ध होतो का हे स्वतः ठरवतात. त्यामुळे 'आमचा मुलगा असा नाही' याला इथे जागा नाही. निकाल हातात घेऊन आधी एकच काम करा. न्यायाधीशांनी ज्या ज्या गोष्टीवरून दोषी धरलं, तेवढ्याच गोष्टी एका कागदावर उतरवा. प्रत्येकीसमोर साक्षीदाराचा क्रमांक, जबानीचा परिच्छेद आणि निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक) लिहा. मग मूळ जबानी उघडून तसं खरंच लिहिलंय का ते पाहा. हे काम घरचा शिकलेला माणूसही करू शकतो, आणि वकिलाला त्याचा फार उपयोग होतो.

हिंसेच्या गुन्ह्यात मुद्दे बहुधा पुढच्या जागी सापडतात.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने कोर्टात सांगितलेली महत्त्वाची गोष्ट पोलिसांना दिलेल्या जबाबात नसेल, तर ती त्रुटी. पण ती साक्षीदाराला उलटतपासणीत विचारलेली असावी आणि तपास अधिकाऱ्याच्या तोंडून सिद्ध झालेली असावी. ही दुसरी पायरी खटल्यात राहिली असेल तर अपिलात तो मुद्दा बराच लंगडा पडतो. साक्षीदार एकच असला म्हणून केस पडत नाही. वडिवेलू थेवर प्रकरणात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की साक्षीदारांची संख्या पाहायची नसते, विश्वासार्हता पाहायची असते. जो साक्षीदार पूर्ण विश्वासार्हही नाही आणि पूर्ण अविश्वासार्हही नाही, त्याला दुसरीकडून आधार लागतो. तो आधार कुठे आहे असा प्रश्न लावून धरायचा. साक्षीदार स्वतः जखमी असेल, तर त्याच्या शब्दाला कोर्ट जास्त वजन देतं हे धरूनच मुद्दे आखा.

रुग्णालयाचा पहिला कागद जरूर पाहा. केईएम, सायन, राजावाडी, कूपर अशा ठिकाणी जखमीला आणल्यावर डॉक्टर काय घडलं ते टिपून घेतात. तिथे 'अज्ञात इसमांनी मारलं' असं असेल आणि काही तासांनी नोंदवलेल्या फिर्यादीत नावं आली असतील, तर हा मोठा मुद्दा आहे. त्याबरोबर फिर्याद नोंदवल्याची वेळ आणि मरणोत्तर पंचनाम्यातला मजकूर ताडून पाहा. साक्षीदारांचे जबाब घटनेनंतर किती दिवसांनी घेतले तेही पाहा. जबाबाला उशीर झाला आणि तपास अधिकाऱ्याने कारण दिलं नाही, तर तेही लिहा.

हत्याराची जप्ती आरोपीच्या निवेदनावरून दाखवलेली असते. जागा सगळ्यांना खुली होती का, म्हणजे नाल्याकाठ, जिना, गच्ची? पंच फितूर झाला का? जप्तीच्या वेळी लाखेचं सील लावल्याचं पंचनाम्यात आहे का? मुद्देमाल पोलीस ठाण्यात किती दिवस पडून होता आणि कलिन्याच्या प्रयोगशाळेत कोणी नेला? नेणारा पोलीस साक्षीला आला का? अहवालात हत्यारावर 'ए' गटाचं रक्त सापडलं असेल तर मयताचा आणि आरोपीचा, दोघांचेही रक्तगट बघा. मयताचा गट अनिर्णित असेल, किंवा दोघांचा एकच असेल, तर त्या डागाने फारसं काही सिद्ध होत नाही. ते हत्यार डॉक्टरला दाखवून 'ही जखम याने होऊ शकते का' असं विचारलं होतं का, तेही तपासा.

केस निव्वळ परिस्थितीजन्य पुराव्याची असेल तर शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) हा निकाल पाया धरायचा. त्यातली पाच सूत्रं प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतात: परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळावी, निर्णायक असावी, दुसरी कोणतीही शक्यता उरू नये, आणि साखळी तुटलेली नसावी. त्याच निकालात आणखी एक कामाची गोष्ट आहे. जी परिस्थिती आरोपीच्या जबाबात त्याला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून तो जबाब प्रश्नाप्रश्नाने निकालाशी ताडून पाहा.

आरोपी अनेक असतील तर प्रत्येकाने काय केलं ते वेगळं काढा. समान इरादा किंवा बेकायदेशीर जमाव लावून सगळ्यांना एकाच मापाने शिक्षा दिलेली असते. नुसता जागेवर हजर असलेला आणि वार करणारा यांच्यातला फरक जबान्यांमधून दाखवावा लागतो. त्याच पुराव्यावर सहआरोपी सुटला असेल तर तो मुद्दा पहिल्या पानावर यावा.

घटनेच्या दिवशी आरोपी अठरा वर्षांखालचा होता अशी शंका असेल, तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र शोधा. ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, उपस्थित करता येतो. खटल्यात कोणी विचारलंच नाही म्हणून तो सोडून देऊ नका.

नवा पुरावा, उदाहरणार्थ एखादं सीसीटीव्ही चित्रण, अपिलात क्वचितच घेतात (जुनं ३९१, नवं ४३२). तो आधी का दिला नाही याचं पटणारं उत्तर लागतं.

शिक्षा कमी मागायची तर

इथे पुष्कळ कुटुंबांची समजूत चुकते. खुनाला किमान शिक्षाच जन्मठेप आहे. त्यामुळे ३०२ कायम ठेवून 'घरी म्हातारे आईवडील आहेत, शिक्षा कमी करा' ही विनंती कोणालाही मान्य करता येत नाही. तिथे मागणी कलम बदलण्याची असते: ३०२ ऐवजी ३०४ चा पहिला किंवा दुसरा भाग. दुसऱ्या भागात कमाल दहा वर्षं. त्यासाठी दाखवायचं ते असं: भांडण अचानक झालं, आधी ठरलेलं नव्हतं, हत्यार बरोबर आणलेलं नव्हतं आणि तिथेच हाताला लागलेलं उचललं, वार एकच झाला, तो शरीराच्या कुठल्या भागावर झाला, आणि पडल्यावर पुन्हा मारलं नाही. यातली प्रत्येक गोष्ट जबानीतल्या ओळीवर टेकलेली हवी. मयत काही दिवसांनी रुग्णालयात गेला असेल तर मृत्यूचं नेमकं कारण शवविच्छेदनात पाहा. जंतुसंसर्ग हे कारण असलं तरी तेवढ्याने खून ठरत नाही असं नाही, पण हेतूच्या युक्तिवादाला त्याची मदत होते.

३०७ आणि ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत) मध्ये मात्र जुन्या संहितेत किमान शिक्षा नाही. तिथे वय, पूर्वीचा गुन्हा नसणं, भोगलेली वर्षं, तुरुंगातली वागणूक, जखमीला भरपाई हे सगळं थेट उपयोगी पडतं. नव्या संहितेत घातक हत्याराने केलेल्या गंभीर दुखापतीला, कलम ११८(२) खाली, किमान एक वर्ष आहे. ३०७ मध्ये तडजोडीने केस मिटत नाही. खरोखर समेट झाला असेल तर शिक्षा ठरवताना कोर्ट तो पाहू शकतं. पण त्यासाठी जखमीच्या घरी स्वतः जाऊ नका. दबाव आणल्याची तक्रार झाली तर जामीनही जातो. बोलणं वकिलांमार्फतच व्हावं.

अपील केलं म्हणून शिक्षा वाढते, ही भीती पुष्कळांना असते. आरोपीच्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं आणि त्याची नोटीस आरोपीला मिळते. तशी नोटीस आली तर तिच्यातही निर्दोष सुटकेचा युक्तिवाद करता येतो.

अपील चालेपर्यंत बाहेर येणं

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामीन मिळण्याचा अर्ज द्यायचा. ज्या गुन्ह्याला दहा वर्षं किंवा जास्त शिक्षा होऊ शकते, त्यात सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय सुटका होत नाही. त्यामुळे पहिल्याच तारखेला आदेशाची अपेक्षा नको.

ठरावीक मुदतीच्या शिक्षेत कोर्टाने उदार राहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात (१९९९) सांगितलं. अपील ऐकायला वेळ लागणार आणि तोवर शिक्षाच भोगून संपली, तर अपिलाला अर्थ राहत नाही. जन्मठेपेत निकष फार कडक आहे. निकालातली ठळक चूक वरवर वाचताच दिसली पाहिजे. खटल्यात जामिनावर होता आणि अटी मोडल्या नाहीत, एवढ्यावर जन्मठेप थांबत नाही. म्हणून या अर्जात वीस मुद्दे नकोत. सगळ्यात जड दोन-तीनच घ्या आणि जबानीचं ते पान सोबत जोडा. तुरुंगाकडून आतापर्यंत भोगलेल्या कालावधीचं प्रमाणपत्र आणा. दंडाच्या वसुलीलाही स्थगिती स्पष्ट शब्दांत मागा. ती राहून गेली तर दंड भरावा लागतो, नाहीतर त्याबदलीची कैद मागे लागते.

अर्ज फेटाळला तर काही काळ गेल्यावर, परिस्थिती बदलल्यावर, पुन्हा करता येतो. त्याच वेळी अपील लवकर ऐकावं अशीही मागणी करा. दहा वर्षांहून जास्त भोगून झाली आणि अपील नजीकच्या काळात ऐकलं जाणार नाही, अशा कैद्यांना विशेष कारण नसेल तर जामीन द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटलं आहे. त्याचा आधार घ्यावा.

जामीन झाल्यावरचं काम सत्र न्यायालयात असतं. जामीनदाराचं आधार, रेशन कार्ड, पगाराची पावती किंवा घराचे कागद, ऐपतीचा दाखला हे आधीच गोळा करा. जामीनदार मिळायला वेळ लागणार असेल तर काही आठवडे रोख रकमेवर सोडण्याची विनंती उच्च न्यायालयातच, त्याच आदेशात, मागून घ्या. बाहेर असताना पत्ता किंवा फोन बदलला तर वकिलाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा. अपील काही वर्षांनी बोर्डावर येतं, कोणाचाच पत्ता लागत नाही आणि अजामीनपात्र वॉरंट निघतं. जामिनावर काढलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. खटल्याच्या काळात कोठडीत काढलेले दिवस मात्र वजा होतात.

सुनावणी आणि त्यानंतर

अपील दाखल करून घेतल्यावर सत्र न्यायालयातून मूळ कागदपत्रं मागवतात आणि त्यांचं पेपर बुक बनतं. ते मिळालं की पानं मोजा. पंचनाम्याचे नकाशे, फोटो, अहवालाचं मागचं पान गळलेलं असतं. मराठी पंचनामे आणि जबाबांचं इंग्रजी भाषांतर मूळ मजकुराशी ताडून बघा. 'ढकललं' चं 'मारलं' झालं तर हेतूचा सगळा युक्तिवाद बदलतो.

जन्मठेपेचं अपील दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतं. वकील हजर नाही म्हणून अपील काढून टाकता येत नाही, ते गुणवत्तेवरच ठरवावं लागतं, हे बनी सिंग प्रकरणात (१९९६) ठरलेलं आहे. तरी त्यावर विसंबू नका. युक्तिवादाशिवाय वाचले गेलेले कागद आपली बाजू पूर्ण सांगत नाहीत. रोजचा बोर्ड बघत राहा. अपील चालू असताना अपीलदाराचा मृत्यू झाला, तर जवळच्या नातेवाईकांना ३० दिवसांत परवानगी मागून ते पुढे चालवता येतं. गेलेल्या माणसाच्या नावावरचा डाग पुसायचा असेल तर ही मुदत चुकवू नये.

उच्च न्यायालय सोडू शकतं, कलम बदलू शकतं, शिक्षा कमी करू शकतं किंवा फेरखटल्याचा आदेश देऊ शकतं. शिक्षा कायम झाली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला साधारणपणे ९० दिवस आहेत. माणूस जामिनावर असेल तर निकालातच हजर होण्याची तारीख दिलेली असते. त्या तारखेपूर्वी हजर व्हावं, आणि हजर झाल्याचा तुरुंगाचा दाखला याचिकेसाठी जपून ठेवावा, कारण हजर न होता याचिका द्यायची तर त्यातून सूट मिळण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो.